वना आबांच्या बसवर बदली

३ जानेवारी, शुक्रवार

आज मला मुलाचा काका समजून सोफ्यावर बसवलं!

जळगावची पार्टी, धुळ्याला देवपुरात मुलगी पाहायला निघालेली. गाडी त्यांची, ड्रायव्हर एजन्सीचा – म्हणजे मी. मुलाचा खरा काका ऐनवेळी आला नाही आणि माझा शर्ट इस्त्रीचा होता. मुलीच्या वडिलांनी हाताला धरून आत नेलं, पोहे पुढे केले आणि हळूच विचारलं, "काकासाहेब, मुलाला काही व्यसन वगैरे?" मी म्हटलं, "जळगावपासून इथपर्यंत तरी नाही." मुलगा असा काही हसला की पोहे नाकात गेले त्याच्या.

परत येताना सगळी गाडी हसत होती. मुलाची आई म्हणाली, "पुढच्या वेळी पण तुम्हीच या हो." पण तसं होत नाही. पुढच्या वेळी एजन्सीत जो मोकळा असेल तो जातो. त्यांचं जमलं की नाही, तेही मला कळणार नाही. या कामात हे एक वाईट – प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर सोडायची.

रावेरला नानाशेठचा केळीचा ट्रक होता तेव्हा असं नव्हतं. एकच गाडी, एकच मालक, एकच शिव्या. शेठनी गाड्या विकल्या आणि मी एजन्सीत नाव घातलं. दोन वर्षं होत आली. माझी बायको रत्ना अजूनही लोकांना सांगते, "सध्या एजन्सीत आहेत." सध्या!

५ जानेवारी, रविवार

फोन नाही. काम नाही. रत्नाने भरताची वांगी भाजायला बसवलं. काम मिळालंच!

६ जानेवारी, सोमवार

एजन्सीच्या सारिका मॅडमचा फोन. "चंदनभाऊ, शाळेची बस चालवाल का? धरणगावची शाळा आहे. त्यांच्या ड्रायव्हरचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. दीड महिना तरी."

दीड महिना एकच गाडी! मी लगेच हो म्हटलं. मग विचार केला – पोरं म्हणजे केळी नाहीत. केळी ओरडत नाहीत.

८ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. काय लिहू!

बस जुनी, पण घरच्या गाईसारखी स्वच्छ. ड्रायव्हरच्या सीटवर रजईची शिवलेली गादी, आरशाला लाल गोंडा. ड्रायव्हरचं नाव वना आबा. वय छप्पन्न, आणि त्यातली अर्धी वर्षं याच शाळेच्या बसवर गेली म्हणे. हे सगळं मला सुलक्षणाताईंनी सांगितलं. मुलांना चढवा-उतरवायला बसमध्ये असतात त्या.

पिंप्रीच्या थांब्यावर एक दुसरीतली मुलगी, अलफिया नाव, चढेचना. पायरीवर उभी राहून मला बघितलं. "आबा कुठेयेत?"

"आजारी आहेत. मी आलोय."

"तुम्ही कोण?"

"मी बदली."

"मग मी पण आज बदली," म्हणाली आणि आईच्या ओढणीमागे लपली! सुलक्षणाताईंनी उचलून आणली. दिवसभर बस मला "बदली काका" म्हणत होती. वळण आलं की मागून वीस जण ओरडायचे – "आबा इथे हळू घेतात!" "आबा इथे हॉर्न देतात!" "आबा इथे गाणं म्हणतात!" मी हळू घेतलं, हॉर्न दिला. गाणं नाही म्हटलं.

९ जानेवारी, गुरुवार

गाणं म्हटलं. अलफिया स्वतःच्या पायाने चढली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळ्या बसने मला तिळगूळ दिला. खिसे चिकट. स्टेअरिंग चिकट. गिअरचा दांडासुद्धा चिकट!

एजन्सीत दोन वर्षांत ज्यांच्या गाड्या चालवल्या त्यातल्या किती जणांनी नाव विचारलं असेल? लोकांच्या मोबाईलमध्ये मी "ड्रायव्हर जळगाव" नाहीतर "ड्रायव्हर २" आहे. इथे निदान काका तरी आहे. बदली असला तरी काका.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज केळीने अडवलं! सकाळी शाळेकडे जाताना पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली कलंडली. माणसं सगळी ठीक, पण केळीचे घड रस्ताभर. पोरांना वाटलं, आपल्यासाठीच सांडलीत. "काका, केळी! काका, खाऊ?" हिरवीगार, दगडासारखी. मी समजावलं की ही पिकायला अजून वेळ आहे, मी रावेरची केळी वर्षानुवर्षं दिल्लीला पोचवलीत, मला ठाऊक आहे. तर एकाने विचारलं, "मग दिल्लीला जाईपर्यंत थांबायचं का?"

बस बाजूला घेतली, हॅंडब्रेक लावला, पोरं सुलक्षणाताईंकडे दिली आणि मजुरांबरोबर घड उचलायला लागलो. रस्ता मोकळा झाल्याशिवाय सुटका नव्हती. सवय जाते का कुठे – घड खांद्यावर कसा घ्यायचा ते हाताला बरोबर आठवलं.

तेवढ्यात फोनवर फोन. शाळेचे जितेंद्र सर – ते बसचं सगळं पाहतात – "उशीर का? तुमच्या एजन्सीला कळवतो!" पालकांचे फोन. मग एजन्सीचा. एजन्सीच्या माणसाला हा एक ताप असतो. गाडी एकाची, पगार दुसऱ्याचा, आणि रागवायला सगळे मोकळे.

पण सारिका मॅडम बरी बाई आहे. म्हणाली, "मुलं ठीक आहेत ना? मग सावकाश या. सरांशी मी बोलते." आणि बोलली असणार, कारण शाळेत पोचलो तेव्हा जितेंद्र सरांनी नुसती मान हलवली.

१९ जानेवारी, रविवार

सुट्टी. एजन्सीच्या ऑफिसखाली चहाला गेलो. रहीमचाचा भेटले. एजन्सीत सगळ्यात जुने तेच. जळगावात असा बंगला नाही ज्याची गाडी त्यांनी चालवली नाही.

मी म्हटलं, "चाचा, कायमची नोकरी बरी की एजन्सी?"

म्हणाले, "देख बेटा, कायमवाला मालकाचं तोंड पाहतो. अपन मोबाईलचं. दोघांची मान एका जागी अकडते!" मग स्वतःच हसले. पण नंतर गंभीर झाले. गेल्या वर्षी त्यांना टायफॉईड झाला, तीन आठवडे घरी. कोणी विचारलं नाही. मालकच नव्हता तर विचारणार कोण? "हसीनाबीच्या शिलाई मशीनने चूल चालवली," बायकोबद्दल म्हणाले. "पण सुन, बरा झालो तर पहिली ट्रिप कुठे – महाबळेश्वर! कायमवाला बापजन्मात जाईल का?"

मला वाटतं चाचा रोज सकाळी उठून स्वतःशी हा वाद घालतात आणि रोज वेगळा निकाल लागतो.

२३ जानेवारी, गुरुवार

आज झोप येणार नाही. आनंदाने!

जितेंद्र सरांनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. वाटलं, केळीचं प्रकरण पुन्हा. तर म्हणाले, "बसा चंदनभाऊ. पालक तुमच्यावर खूश आहेत. कायम व्हाल का? शाळेचे कर्मचारी. पीएफ, आजारपणाची रजा, मे महिन्याचा पगार, सगळं."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि विचारलं, "मग वना आबा?"

"त्यांचं वय झालं. त्यात ऑपरेशन. संस्थेचं म्हणणं आहे, आता तरुण माणूस घ्या." सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "तुम्ही विचार करून सांगा. त्यांना अजून कळवलेलं नाही."

घरी सांगितलं तर रत्नाने शिलाईचं मशीन थांबवलं, देवापुढे साखर ठेवली, मग आठवून माझ्या तोंडात ठेवली. "कायम!" एवढंच म्हणाली. तिच्या बहिणीला फोनसुद्धा केला. आबांचं मी बोललो नाही. रात्रीचं जेवण फार छान होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

रजईची गादी आज टोचत होती.

२५ जानेवारी, शनिवार

दुपारी बस लावून आबांच्या घरी गेलो. म्हटलं, निदान माणूस पाहू तरी.

धरणगावातच, दोन खोल्या. दारात त्यांच्या बायको झुंबरबाई कापसाच्या वाती वळत बसलेल्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "तूच ना बदलीवाला? ये रे भाऊ, बस. यास्ना बठ्ठा जीव बसमाच शे. पाय आठे, ध्यान तठे." पाय इथे, पण सगळा जीव बसमध्ये – आत गेलो आणि पटलं.

आबा खाटेवर, उशाला टेकून. बारीक अंगाचा माणूस, मिशा मात्र भरदार. मला पाहून असे खूश झाले जणू बसच भेटायला आली!

"तिसरा गिअर कडक जास ना? हळू टाकजो. आन् पिंप्रीना वळणवर एक काळं कुत्रं येस. त्याले हॉर्न नको मारजो, ते बहिरं शे. थांबी जावानं."

मग एकेका पोराची चौकशी. कोणाला पुढे बसलं की उलटी होते, कोण भांडतं, कोणाचा बाप सुरतेला असतो म्हणून ती पोरगी सोमवारी गप्प असते. मी सतरा दिवस तीच पोरं नेतोय, मला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. झुंबरबाईंनी शेवभाजी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. शेवभाजी तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं.

सांगायचं ते सांगितलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. आबा रिक्षाने शाळेत आले. पांढरी टोपी, एक हात पोटावर. बसमधली सगळी पोरं रांग मोडून धावली. ड्रिलचे सर शिट्टी वाजवून दमले. जितेंद्र सर लांबून पाहत होते, जवळ आले नाहीत.

घरी येऊन रत्नाला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिने धागा रिळावर गुंडाळला. मग म्हणाली, "मी ताईला सांगून बसले हो." आणि थोड्या वेळाने – "उद्या पुन्हा सांगेन. नाही झालं म्हणून."

या बाईशी लग्न केलं हे माझ्या हातून एकच काम अर्ध्यावर न सुटलेलं!

२८ जानेवारी, मंगळवार

जितेंद्र सरांना नाही म्हणून सांगितलं. छाती काढून गेलो होतो. सर म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही नाही तर दुसरा कोणी. एक तारखेनंतर जाहिरात देतो."

म्हणजे माझ्या नकाराने आबांची नोकरी वाचलीच नाही! माझीही गेली, त्यांचीही जाणार. परत येताना स्वतःवरच हसू आलं. बसमधल्या पोरांनी विचारलं, "काका, काय झालं?" म्हटलं, "काही नाही, तुमचा काका येडा आहे." सगळ्या बसने एका सुरात ते गाणं केलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज आबांना सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. झुंबरबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

आबा खाटेवर सावरून बसले. मिशी चावत होते.

"माले काढतस?" एवढंच म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशी, "माले काढतस."

मला उठून जावंसं वाटलं. पण तेवढ्यात त्यांनी मान वळवली.

"चंदन, एक इचारू? तू एजन्सीमा कोठे कोठे गया?"

मला कळेना. सांगितलं – इंदूर, सुरत, नाशिक, एकदा गोवा.

"गोवा!" म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले! "समुद्र देखा?"

"हाव. देखा."

"कसा ऱ्हास?"

आणि मग जे बाहेर पडलं! बठ्ठी जिंदगी धरणगाव–पिंप्री, पिंप्री–धरणगाव. हातात स्टेअरिंग, आणि धुळ्याच्या पुढे कधी गेले नाहीत. पाच-सहा वर्षांपासून सोडायचं मनात होतं. "माले सोडानंच शे रे. पण पोरे कोना हातमा देऊ? इतलंच." नव्या माणसाचा भरवसा वाटेना, म्हणून ऑपरेशनसुद्धा पुढे ढकलत राहिले.

झुंबरबाई कपबशी आपटून म्हणाल्या, "आन् माले हाई कधी सांगं नही! मी बी समुद्र देखेल नही."

आबा म्हणाले, "तू ती नोकरी ले. आन् मन्हं नाव तुन्हा एजन्सीमा टाक."

मी त्यांना दुसरी बाजूही नीट सांगितली, हो. लपवलं नाही काही. काम नाही तर पैसा नाही. आजारी पडलात तर कोणी विचारणार नाही. अनोळखी गाडी, अनोळखी माणसं, कोणी जेवायला बोलावतं, कोणी गाडीतच बसा म्हणतं. रहीमचाचांचा टायफॉईडही सांगितला.

आबा म्हणाले, "आन् गोवा?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

सारिका मॅडमना भेटलो. "छप्पन्न वर्षांचे?" म्हणाल्या. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत एक ओरखडा नाही. मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांचा दाखला आणा, आधी छोट्या गाड्या देते. त्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाड्यांची मागणी वाढलीय, क्लच दाबायचा त्रास नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आबा स्वतः शाळेत गेले. मी बसजवळ थांबलो होतो. आत काय झालं ते सुलक्षणाताईंनी खिडकीतून ऐकलं. आबा जितेंद्र सरांना म्हणाले, "साहेब, मला काढायची तसदी घेऊ नका, मीच सोडतो. पण माझं जे हक्काचं आहे ते सगळं द्यायचं. आणि बस चंदनच्याच हातात. नाहीतर पालकांना घेऊन येतो."

ऑफिसात शुद्ध बोलतात आबा! सर म्हणे उठून उभे राहिले आणि त्यांना खुर्ची दिली. सरांना मनातून बरंच वाटलं असेल. माणूस वाईट नाही तो, वरून हुकूम येतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आबांचा निरोप. शाळेने शाल दिली, नारळ दिला. पोरांनी हट्ट धरला – आबांना बसमधूनच घरी सोडायचं, पण आधी पूर्ण फेरी मारून!

आबा खिडकीजवळ बसले, अलफिया त्यांच्या मांडीवर. मी चालवत होतो आणि मागून आवाज येत होता, "आबा, ते बघा आमचं घर! आबा, ती बघा विहीर!" पिंप्रीच्या वळणावर कुत्रं आलं, मी थांबलो. आरशात पाहिलं तर आबा खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते, अगदी पहिलीतल्या पोरासारखे.

उतरताना म्हणाले, "हाई वाट मी बाजूनी खिडकीतून कधी देखीच नही रे. चांगली शे."

गादी नेली नाही. म्हणाले, ऑटोमॅटिकमधे सीट मऊ ऱ्हास.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कायम झालो. रत्नाने ताईला तिसऱ्यांदा फोन केला.

२ मार्च, रविवार

झोपलो होतो, आबांचा फोन. एवढ्या जोरात की रत्नाला स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

एजन्सीने एका कुटुंबाला घेऊन सुरतेला पाठवलं होतं. त्या लोकांना डुमसला समुद्रावर जायचं होतं. आबांनी गाडी लावली, चपला काढल्या आणि थेट पाण्यात. पार्टी मागे, ड्रायव्हर पुढे!

"चंदन! हाई पानी थांबतच नही रे! बठ्ठं हालत ऱ्हास!"

मग फोन पाण्याकडे धरला. नुसता घोंघाट. पाच मिनिटं मी आणि रत्ना तो घोंघाट ऐकत बसलो. मग आबा म्हणाले, "त्या मालकीणबाई म्हनतस, मे महिनामा बायकोले संगे लई या. सीट रिकामी शे."

९ मार्च, रविवार

आजही सुट्टी. कायम माणसाला रविवार असतो हे विसरलोच होतो. सकाळपासून चारदा मोबाईल पाहिला, मॅडमचा फोन आला का म्हणून. येणार कसा? रत्ना हसली. रहीमचाचा आज पचमढीला गेलेत म्हणे. जाऊ देत! मी पंखा पुसला.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. पोरांनी काल बसमध्येच मला निळा करून ठेवला. आज रत्ना म्हणते, "या निळ्या माणसाला मी ओळखत नाही, एजन्सीने पाठवलाय का?"

२८ मार्च, शुक्रवार

शाळेने नोटीस लावली. एक एप्रिलपासून बस, डिझेल, ड्रायव्हर – सगळं एजन्सीकडे. ड्रायव्हरही एजन्सीचेच धरले जातील. जितेंद्र सरांनाही कालच कळलं. म्हणजे माझी कायमची नोकरी सव्वा महिना चालली! रत्नाला सांगायला फोन हातात घेतला तोच वाजला.

"चंदन, मंगळवारी सकायले सातले बस धुईसन उभी पाहिजे. मी येस तपासाले. सारिका मॅडमनी बठ्ठ्या बस मन्हाकडे दियात – मी सुपरवायझर शे आते!"

वना आबा.